दुधाची पिशवी धुवा, पण गोळी रोज घ्यायला लावा

*ताई, आम्ही चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं, एक सातवीत, एक दुसरीत. मिस्टर चाकणला कारखान्यात आहेत. पाडव्यानंतर त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि हातात येणारा पगार ३४ हजारांवरून २७ हजारांवर आला. सासूबाई पहिल्यापासून काटकसरी. दुधाची पिशवी विसळून ते पाणी कणकेत घालणार, भाज्यांच्या सालांची चटणी करणार. लग्न होऊन आले तेव्हा मला या गोष्टींचा राग यायचा, माहेरी असं काही पाहिलं नव्हतं. आता वाटतं, त्यांच्याकडून शिकायला हवं. मीही सुरुवात केली आहे. स्वतःचं दूध बंद केलं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेवढंच खाते. (आईंनी तर बीपीची गोळीसुद्धा एक दिवसाआड केली आहे, म्हणतात मला बरं वाटतंय.) गॅस २८ दिवस जातो, लाइटचं बिल मागच्या महिन्यात १२४ युनिटचं आलं. भिशीला २ हजार जातात. घरातल्या घरात आणखी कुठे वाचवता येईल ते सांगा.*

*– एक वाचक, चिंचवड*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. गॅस आणि वीज नंतर बघू.

आईंची गोळी आजपासून रोजची रोज सुरू करा. बीपी वाढलेला बहुतेक वेळा कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस हिंडतं-फिरतं असतं. ‘बरं वाटतंय’ यावरून बीपी ठरत नाही, तो मोजूनच कळतो. एक दिवसाआड गोळी घेतली तर मधल्या दिवशी तो पुन्हा वर जाऊ शकतो, आणि असं महिनोन् महिने चाललं की कधीतरी पक्षाघात किंवा हृदयविकार समोर उभा राहतो. तेव्हाचा खर्च तुमच्या घराला पेलणार नाही, आणि आईंचा एक हात, एक पाय गेला तर त्याची भरपाई कशानेच होणार नाही. त्यांना रागावू नका. घराला आपला भार नको म्हणून त्यांनी हे केलं आहे. शेजारी बसा आणि सांगा, ‘आई, तुमच्या गोळीचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.’

ते पैसे कमी कसे करायचे, तेही सांगते. त्यांची चिठ्ठी घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात जा. बीपीची नेहमीची औषधं तिथे अनेकदा मोफत मिळतात. तिथे एखादी गोळी नसेल तर जनऔषधी केंद्रात विचारा. तेच औषध कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने मिळतं आणि किंमत अनेकदा निम्म्याहूनही कमी असते. मात्र गोळी बदलायची किंवा कमी करायची तर ते डॉक्टर सांगतील, आपण ठरवायचं नाही. जाल तेव्हा बीपी मोजून घ्या आणि मधले किती दिवस गोळी चुकली तेही न लपवता सांगा.

आता तुमचं ताट. तुम्ही दूध बंद केलंत आणि रात्री उरेल ते खाता. आपल्याकडे घरात पैसा कमी पडला की पहिली कात्री घरातल्या बाईच्या ताटाला लागते, आणि ती स्वतःच्या हातानेच लावते. माझ्या आईने हेच केलं. आम्हा भावंडांना वाटायचं, तिला भात आवडतच नाही. पुढे तिचं हिमोग्लोबिन इतकं उतरलं की जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची. तुमच्या दुधाचे महिन्याला चारशे-साडेचारशे रुपये वाचत असतील. त्यातले बहुतेक मी तुम्हाला याच पत्रात दुसरीकडून काढून देते. दूध पुन्हा सुरू करा, आणि आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस सगळे एकत्र जेवायला बसा. एकत्र बसलात की उरेल ते खाण्याचा प्रश्नच येत नाही.

पिशवी विसळणाऱ्या तुमच्या सासूबाईंबद्दल मला फार आदर वाटला. त्या पाण्यात थेंबभर दूध असतं, त्याने कणीक मऊ होते. रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून ठेवल्या तर रद्दीवाला त्या किलोवर घेतो. पैसे थोडे मिळतात, पण कचऱ्यात जात नाहीत. त्यांच्या सालांच्या चटण्या तर लिहून घ्या. दोडक्याच्या शिरा किसून तव्यावर कुरकुरीत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. एका दोडक्यात भाजीही होते आणि दोन दिवसांचं तोंडीलावणंही. दुधीच्या सालाचं तेच. कोथिंबिरीची पानं निवडून काड्या फेकू नका, वाटणात पानांपेक्षा त्यांचाच स्वाद जास्त उतरतो. मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे यांची पीठ पेरून किंवा डाळ घालून चांगली भाजी होते. सध्या कलिंगडं आहेत. लाल भाग मुलांना द्या, हिरवी साल काढून आतला पांढरा भाग किसा आणि थालीपिठाच्या भाजणीत घाला. पाणी वेगळं घालावं लागत नाही.

एकच सांभाळा. उन्हाळ्यात रात्रीचा भात ओट्यावर राहिला तर सकाळी त्याचा फोडणीचा भात करू नका. उष्म्यात बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात, त्यांचं विष फोडणीने जात नाही. भात निवला की लगेच फ्रिजमध्ये, आणि सकाळी पहिल्या कामाला फोडणी. पोळ्यांचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा ताकातला काला हे बिनधास्त करा. त्याहून बरं म्हणजे आठ दिवस रोज रात्री काय उरलं ते कॅलेंडरवर लिहा. माझ्या घरी असं लिहिल्यावर कळलं की आम्ही रोज एक वाटी भात जास्त लावत होतो. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न मग निम्मा संपला.

गॅस. पाच माणसांना २८ दिवस हे काही वाईट नाही, पण ३५ पर्यंत जाईल असं मला वाटतं. डाळ आणि तांदूळ अर्धा तास भिजवा. कुकर एकदाच लावा, खाली डाळ, वर भात, त्यावर मुलांच्या डब्यासाठी बटाटे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा. हे का, तर कुकरमध्ये दाब धरला की आतलं तापमान साधारण १२० अंशांवर स्थिरावतं. आच मोठी ठेवली तरी ते आणखी वाढत नाही. तुम्ही पेटवलेला जास्तीचा गॅस फक्त शिट्ट्या वाजवतो. शिट्ट्या मोजायची सवय सोडून घड्याळ बघा. तूरडाळ भिजलेली असेल तर बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली, आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, तेवढ्यात ती आणखी शिजते. भाजीवर झाकण, झाकणावर थोडं पाणी, हे आईंना माहीतच असेल. ज्योत पिवळी दिसत असेल, भांड्यांचे बूड काळे होत असतील तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. थंड झाल्यावर बर्नर काढून साबणाच्या पाण्यात घासा, भोकं टाचणीने मोकळी करा. दूध फ्रिजमधून काढून थेट गॅसवर ठेवू नका, अर्धा तास आधी बाहेर काढा. सकाळचा चहा चार वेळा होत असेल तर एकदाच करून थर्मासमध्ये भरा. आणि नवा सिलिंडर लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर यातल्या कशाचा किती उपयोग झाला ते कधी कळायचं नाही. सिलिंडर नऊशेचा धरला आणि तो २८ ऐवजी ३५ दिवस गेला, तर महिन्याला पावणेदोनशे-दोनशे रुपये सुटतात.

विजेच्या बिलावर मात्र जरा थांबू, कारण तुमचा आकडा फार मोक्याचा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर असतो आणि १०१ ते ३०० युनिटना दुसरा. हा दुसरा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास पडतो. शंभराची रेघ ओलांडली म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत, फक्त रेघेवरची होतात. म्हणजे तुमची शेवटची २४ युनिटं ही घरातली सगळ्यात महाग वीज आहे. तेवढीच कमी करायची आहे.

साधा जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट ओढतो. बीएलडीसी नावाचा नवा प्रकार आला आहे, तो तितक्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास घेतो. तुमच्याकडे आईंच्या खोलीतला पंखा दिवसाचे पंधरा तास तरी चालत असेल. हिशेब करून बघा. ४५ वॉटची बचत, पंधरा तास, तीस दिवस, म्हणजे २० युनिटं. एका पंख्यात! हा पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. वरच्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या वरच जातं, तेव्हा वर्ष-सव्वा वर्षात तो स्वतःची किंमत फेडतो. आज हातात पैसे नसतील तर कर्ज काढून घेऊ नका. भिशी लागेल तेव्हा घ्या, आणि एकच घ्या, जो सगळ्यात जास्त चालतो त्याच्या जागी. तोवर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करत जा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा डबा रात्रंदिवस चालूच असतो आणि महिन्याला चार-पाच युनिटं खातो. इस्त्री रोज एका शर्टासाठी तापवण्याऐवजी आठवड्याचे कपडे एकदम करा. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा, कागद सहज निघून आला तर रबर बदलायला झालं आहे.

एक विचारायचं राहिलं. घर भाड्याचं आहे, तर मीटर तुमचा स्वतंत्र आहे ना? घरमालक सबमीटर लावून युनिटला ठरावीक ठोक दर घेत असेल तर हा शंभराचा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही. मग महावितरणचं मूळ बिल बघायला मागा. ते बघण्यात काही चूक नाही.

दूध म्हशीचं की गाईचं ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हशीचं रोज लिटरभर असेल तर साय साठवा. आठ दिवसांची साय विरजून लोणी काढलं तर महिन्याकाठी अर्धा किलोच्या आसपास तूप घरात निघतं, म्हणजे विकतचे तीन-साडेतीनशे रुपये वाचले. ताकाची कढी झाली, खालची बेरी साखर घालून मुलांच्या पोळीवर. तुमच्या दुधाचे बहुतेक पैसे मी यातूनच परत आणले आहेत.

दुकानात जाल तेव्हा पाकिटावरची मोठी किंमत बघू नका. तेलाची पिशवी आता एक लिटरचीच असेल असं राहिलं नाही. दोन पिशव्या हातात सारख्या दिसतात, पण एकीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि दुसरीवर ८५०. ठरावीक वजनाचीच पाकिटं असावीत हा जुना नियम निघाला. त्याबदल्यात एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात तो दर पाकिटावर छापणं बंधनकारक झालं. तो बारीक अक्षरात असतो. चष्मा लावून वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही, शाम्पूची रुपयावाली पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

वर्षाचा गहू भरण्याचा मोसम चालू आहे, आईंच्या मनात तो विषय असणारच. या वर्षी तो आग्रह धरू नका असं मी म्हणेन. एकदम सात-आठ हजार गुंतवायची ही वेळ नाही. त्याऐवजी शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन एक कट्टा आणा आणि वाटून घ्या. एकत्र खरेदीने किती फरक पडतो हे मुंबई ग्राहक पंचायतीने दाखवून दिलं आहे. १९७५ पासून तिथे सभासद कुटुंबांचे गट महिन्याचं वाणसामान एकत्र मागवतात आणि आपापसांत वाटून घेतात. तुमच्या चाळीत चार घरांनी तेच करायला कुणाची परवानगी लागत नाही. धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ऊन द्या.

आता सगळं मांडून बघू. गॅसचे दोनशे, विजेचे दोन-अडीचशे, तेल हात राखून घातलं तर दीडशे, मुलांच्या रोजच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्यांऐवजी निम्मे दिवस घरचे भडंग, शेंगदाणे-गूळ केलं तर तीनशे, भाजी आठवडी बाजारातून आणली आणि काही टाकलं नाही तर तीन-चारशे. तुपाचे पैसे तुमच्या दुधात गेले. बेरीज जाते बाराशे-तेराशेवर. तूट आहे सात हजारांची.

हे लिहिताना मला जड जातंय, पण तुम्हाला हे स्पष्ट कळायला हवं. तुम्ही स्वयंपाकघरात कितीही ओढाताण केलीत तरी ही तूट तिथून भरून येणार नाही, आणि आली नाही म्हणून तुम्ही कमी पडलात असं होत नाही. उरलेल्या पावणेसहा हजारांसाठी मिस्टरांसोबत वही घेऊन बसावं लागेल. किती मोबाइल, कुणाला किती डेटा लागतो, टीव्हीचं पॅकेज कोण बघतं, कुठला हप्ता चालू आहे, शिकवणी खरंच लागते की सातवीतला मुलगा धाकट्याला बसवू शकतो. ओव्हरटाइम पुन्हा सुरू होणार का, नाही तर दुसरं काय, हाही बोलायचा विषय आहे. ते बोलणं टाळून रात्री कमी जेवणं तुम्हाला सोपं वाटत असेल. तरी ते बोला. विम्याचा हप्ता मात्र घाईने बंद करू नका, आणि गाडीचे ब्रेक, टायर यांत वाचवू नका. चाकणचा रस्ता रोजचा आहे.

भिशी मोडू नका. मधेच सोडलीत तर इतरांची घडी विस्कटते आणि तुमचं नाव खराब होतं. बायकांना खरी परिस्थिती सांगा आणि तुमचा नंबर अलीकडे घेता येतो का ते विचारा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी अदलाबदल करून देतं. या फेरीनंतर थांबा.

आणि जे शे-दोनशे वाचतील ते डब्यात ठेवू नका. माझी आई साबुदाण्याच्या डब्यात ठेवायची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि ती उठून आत गेली. डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. अकरा हजार पाचशे रुपये होते. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला स्वतःच वाचवलेले पैसे आम्हा सगळ्यांसमोर मोजून दाखवावे लागले, आणि ती सारखी म्हणत होती, ‘मी तुमच्यासाठीच ठेवले होते.’ ते पैसे बँकेत भरले गेले, बुडाले नाहीत. पण तिच्या नावाचं खातंसुद्धा नव्हतं, ते वडिलांच्या खात्यात गेले. मला तो चेहरा अजून दिसतो. म्हणून सांगते, पोस्टात तुमच्या स्वतःच्या नावाने आवर्ती ठेव उघडा. महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं. पगार होईल त्याच दिवशी भरा, महिनाअखेरीस उरतील ते नव्हे. सध्या शंभरच भरा. आकडा लहान आहे, पण पासबुकावर नाव तुमचं असेल.

मुलांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सातवीतल्या मुलाला सगळं कळतं आहे हे गृहीत धरा. ‘बाबांचा पगार कमी झालाय, म्हणून आपण जपून खर्च करतोय’ एवढं साध्या शब्दांत सांगा. मग मीटरचं रीडिंग घ्यायचं काम त्याच्याकडे द्या. दर रविवारी आकडा बघून कॅलेंडरवर लिहायचा. या वयाच्या मुलांना हे काम आवडतं, आणि पंखा बंद करायला तुम्हाला ओरडावं लागत नाही.

सोमवारी आईंना घेऊन दवाखान्यात जा. बीपी किती आला ते मला लिहा. पुढचं बिल आलं की युनिटांचा आकडाही कळवा. आणि दोडक्याच्या शिरांच्या चटणीत त्या लसूण भाजून घालतात की कच्चा, तेही विचारून लिहा. मी कच्चा घालते, आणि चटणी चार दिवसांच्या वर टिकत नाही.

तुमची,
ताई